कादंबऱ्यांच्या रॅकवर शिकलेली कविता

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मराठी कवितेचा वर्गांक ८९१.४६१, नाटकाचा ८९१.४६२ आणि कथा-कादंबरीचा ८९१.४६३. ड्यूई दशांश पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही ग्रंथालयात हेच आकडे सापडतील. 'कमवा आणि शिका' योजनेत मला दुपारचं काम मिळालं ते या तीन रॅकांचं. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीवर घ्यायची, पाठीवरच्या चिठ्ठीतला आकडा बघून जागेवर लावायची, पानं सुटलेली पुस्तकं बाइंडिंगच्या गठ्ठ्यात टाकायची, तारखांचे शिक्के मारून भरलेल्या चिठ्ठ्या काढून नव्या चिकटवायच्या. तासाप्रमाणे पैसे मिळतात. त्यातून मेसचं बिल आणि गावाकडं जायचं तिकीट निघतं. मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलीला पुण्यात याहून चांगलं काम मिळालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

ही योजना मूळची कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि राबणाऱ्या घरातल्या मुलानं राबतच शिकावं, त्यात कमीपणा मानू नये, हे साताऱ्याकडं प्रत्यक्ष करून दाखवलं. माझ्या बाबतीत या कामानं पैशांपलीकडं एक गोष्ट केली. मी कविता लिहिते, आणि कविता लिहायला मला कादंबऱ्यांनी शिकवलं. त्या कादंबऱ्या माझ्या हातात आल्या त्या रॅक लावता लावता.

आमच्या ग्रंथालयातले मामा खूप जुने. पुस्तकाच्या पाठीला नुसता हात लावून ते कुठल्या रॅकचं आहे हे सांगतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, "कवितेच्या पुस्तकांवर धूळ बसती आणि कादंबऱ्यांचे कोपरे फाटतात. दोन्हीकडं फडकं वेगळं ठेव." खरंच तसं होतं. 'मृत्युंजय', 'छावा', 'ययाति', 'दुनियादारी' यांच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के. कवितासंग्रहांच्या चिठ्ठ्या मात्र कोऱ्या करकरीत. मी कवितेची म्हणून मला त्याचं वाईट वाटायचं. त्या वाटण्यातूनच सुरुवातीला मी फक्त कवितेचीच पुस्तकं खोलीवर नेत असे. मर्ढेकर, इंदिरा संत, नारायण सुर्वे, महानोर, ढसाळ. सगळे वाचले, पुन्हा पुन्हा वाचले, आणि प्रत्येकानं मला काही दिवस झपाटून टाकलं. सुर्वे वाचले की माझ्या वहीत गिरणीचा भोंगा वाजायचा, महानोर वाचले की जोंधळा लवायचा. भोंगा मी कधी ऐकलेला नाही. जोंधळा आमच्या रानात होता, पण वहीत आलेला जोंधळा आमच्या रानातला नव्हता, तो अजिंठ्याच्या बाजूचा होता.

शाळेपासून मी लिहिते. गॅदरिंगला, शिक्षकदिनाला, आठ मार्चला माझी कविता ठरलेली. त्या कवितांचा विषय आई असो, पाऊस असो की सावित्रीबाई, त्यातल्या 'मी'ला घर नसायचं, गाव नसायचं, तिच्या हाताला काही काम नसायचं. ती नुसती बोलायची. तरीही त्या कवितांबद्दल मला माया आहे, कारण त्यांच्यामुळंच मी वही बाळगायला लागले. पुढचा धडा मात्र दुसऱ्या रॅकवर होता.

रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' मला बाइंडिंगच्या गठ्ठ्यात सापडली. १९७१ ची कादंबरी, अंगानं लहान. पुठ्ठा सुटलेला, मधला एक फर्मा बाहेर आलेला. पानं क्रमानं आहेत का बघायची म्हणून उघडली आणि उभ्या उभ्याच वाचत राहिले. सगळी कादंबरी पारबती सांगते. गंगाराम शिंप्याची बायको. घर कसं उभं होतं आणि कसं पडत गेलं, ते ती आपल्या भाषेत सांगते, आणि ती भाषा धाराशिव-लातूरकडची आहे. संवादापुरती बोली आणि बाकी सगळं शुद्ध, असं इथं नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीच बोलते. माझी आज्जी दुपारी ओसरीवर पाय पसरून शेजारणीला जसं सांगते, अगदी तसं.

मला आधी आनंद झाला तो आपल्या घरातलं बोलणं छापलेलं बघून. पुण्यात आल्यावर पहिलं वर्षभर मी वर्गात फार जपून बोलत होते. एखादा शब्द तोंडातून निसटला की कुणीतरी वळून बघायचं. इथं तर एक अख्खं पुस्तक त्याच बोलण्यात होतं, आणि ते आमच्या अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत होतं. पण दुसऱ्यांदा वाचताना दिसलं ते जास्त महत्त्वाचं होतं. पारबती आपल्या दुःखाला दुःख म्हणत बसत नाही. दारात कोण आलं, काय बोललं, नवऱ्यानं मान वर केली की नाही, त्या वेळी आपण काय करत होतो, हे ती सांगत जाते. ऐकणाऱ्याला कळायचं ते कळतं. आणि हे एका पुरुषानं लिहिलंय. बाईच्या तोंडून बोलणं पुरुषाला जमतं का, यावर आमच्या वर्गात बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर बोराड्यांना ते जमलं आहे, कारण त्यांनी बाईचं मन सांगायचा अट्टहास केला नाही. त्यांनी तिचं बोलणं नीट ऐकलं.

त्यानंतर मी एक जुनी कविता पुन्हा लिहायला घेतली. विषय पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी सहावीत होते. सगळ्या देशानं ती गाडी टीव्हीवर बघितली. ते पाणी शहराला होतं. आमच्या गावाला टँकर होता, तोही येईल तेव्हा येणार. अकरावीत असताना त्यावर मी कविता लिहिली होती. तिच्यात तहानलेली धरणी होती, आभाळाकडं लागलेले डोळे होते, भेगा होत्या. स्पर्धेत तिला बक्षीसही मिळालं होतं. पारबती वाचल्यावर मी त्या कवितेतल्या सगळ्या ओळींना एकच प्रश्न विचारला, हे कुणी बघितलं? धरणीचे डोळे कुणीच बघितले नव्हते. मी बघितल्या होत्या त्या घागरी. टँकर कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळं बायका पहाटेच घागरी रांगेत ठेवून कामाला जायच्या. कुणाची कुठली हे ओळखू यावं म्हणून गळ्यात चिंध्या बांधलेल्या. आमची हिरवी. आईच्या जुन्या लुगड्याचा काठ होता तो. मग वहीत असं आलं:

टँकरच्या आधी
घागरी येऊन बसतात रांगेत.
आईच्या घागरीच्या गळ्यात हिरवी चिंधी,
काकूच्या घागरीला डाव्या कुशीत पोचा.
बायका खुरपायला गेल्या तरी
जागा सोडत नाहीत घागरी.

शेवटी आणखी एक ओळ होती, घागरी बायकांपेक्षा शहाण्या अशा अर्थाची. आमच्या मॅडमनी कविता दोनदा वाचली आणि त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. "हे घागरी म्हणतायत की तू म्हणतेयस?" एवढंच विचारलं. ओळ गेली. तिच्या जाण्यानं कविता लहान झाली, पण रांग अजून तिथंच आहे असं वाटायला लागलं, टँकर अजून आलेला नाही असं वाटायला लागलं. 'पोचा' हा शब्द ठेवू की 'खड्डा' लिहू, यात माझा एक दिवस गेला. पोचाच ठेवला. आमच्याकडं भांड्याला पोचाच येतो.

यानंतर मी ८९१.४६३ चं रॅक पद्धतशीर वाचायला घेतलं. माझी एक रीत ठरून गेली. पहिल्या वाचनात गोष्ट. दुसऱ्या वाचनात फक्त माणसांच्या हातांकडं बघायचं, लेखकानं कुणाच्या हातात काय दिलंय ते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' मी पुणे-लातूर एसटीत टेंभुर्णी ते बार्शी या टप्प्यात संपवली. १९५५ चं पुस्तक. औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर मेंढक्यांच्या वाडीत शाळा चालवायला येतो, हळूहळू वाडीचा होतो, सगळ्यांना हाताशी धरून तालमीची इमारत उभी करतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. माडगूळकर हातानं चित्रं काढणारे होते हे माहीत नसतं तरी ओळखता आलं असतं. माणूस दिसला की तो आधी कुठं बसलाय, अंगावर काय आहे, जवळ कुठलं जनावर आहे, हे ते दोन-चार फटकाऱ्यांत सांगतात. दुष्काळावर एवढं लिहिलं जातं, पण वाडी रिकामी होताना त्या पानांवर कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं तर रस्त्याकडेला उसाचे ट्रॅक्टर उभे होते. पुस्तकात आणि खिडकीत किती अंतर होतं, आणि किती थोडं.

भाषेचा प्रश्न मला कादंबऱ्यांनीच सोडवून दिला. बोलीत लिहावं की प्रमाण मराठीत, यावर नवं लिहिणारी आम्ही मुलं सारखे वाद घालतो. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग'मध्ये कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि निवेदन प्रमाण भाषेत चालतं. 'पाचोळा'त सगळंच बोलीत. दोन्ही पुस्तकं माझ्या मते मराठीतल्या सगळ्यात चांगल्या कादंबऱ्यांत मोडतात. मग बरोबर कोण? रॅकपुढं उभी राहून विचार करताना माझ्या लक्षात आलं की आधी ठरवायचं ते बोलणारं माणूस. कौतिकची गोष्ट कुणीतरी जवळून बघणारा सांगतो, म्हणून त्याची भाषा त्याची आणि तिची भाषा तिची. पारबती स्वतः सांगते, म्हणून मधे कुणी नाही. आता कविता सुचली की मी पहिला प्रश्न हाच विचारते की ही ओळ कुणाच्या तोंडची आहे? घागरींची कविता बघणाऱ्या मुलीची, म्हणून ती तिच्या शाळेतल्या मराठीत आहे. आज्जीच्या तोंडच्या कविता लिहिल्या त्या पूर्ण तिच्या बोलण्यात. एकदा माणूस ठरलं की भाषेचा वाद उरत नाही.

आज्जीवरून आठवलं. मी तिला विचारत होते, जात्यावर ओव्या का म्हणायच्या? मला वाटलं होतं ती म्हणेल दळण हलकं व्हावं म्हणून. ती म्हणाली, "जातं घरघरतंय तवर कुणाला काय ऐकू जातंय? म्हणून म्हणायचं." सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेराबद्दल जे चुलीपुढं बोलता येत नव्हतं ते जात्यावर बोलता येत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. ओवी रचणाऱ्या बाईचं नाव बहुतेक ठिकाणी कुणालाच माहीत नाही, पण ओवीत तिच्या भावाचं नाव असतं, गावाचं असतं, साडीच्या रंगाचं असतं. मला कादंबरीत जे सापडलं ते आज्जीच्या जात्याखाली आधीपासून होतं. गावात गिरणी आली आणि ते बंद झालं. तिला आता थोड्याच ओव्या पुऱ्या आठवतात. त्या मी रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत.

कविता आणि कादंबरी हे दोन वेगळे स्वभाव आहेत, एक जण दोन्ही नांदवू शकत नाही, असं मला काही जणांनी सांगितलं. रॅक वेगळं सांगतं. मर्ढेकरांनी मराठी कविता बदलली हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'रात्रीचा दिवस', 'तांबडी माती' आणि 'पाणी' या त्यांच्या तीन कादंबऱ्या १९४२ ते १९४८ च्या दरम्यान आल्या. आनंद यादवांचं 'झोंबी' १९८७ मध्ये आलं आणि त्याला साहित्य अकादमी मिळालं, पण त्यांची सुरुवात 'हिरवे जग' या १९६० च्या कवितासंग्रहानं झाली होती. 'कोसला'कार नेमाड्यांच्या नावावर 'मेलडी' आणि 'देखणी' हे कवितासंग्रह आहेत. आमच्या महानोरांनीही 'गांधारी' ही कादंबरी लिहिली. ज्ञानपीठ मिळालेले मराठीतले चौघे बघा. खांडेकर १९७४, कुसुमाग्रज १९८७, विंदा २००३, नेमाडे २०१४. दोन कादंबरीकार, दोन कवी, आणि कुसुमाग्रजांनी कादंबऱ्याही लिहिलेल्या. ज्यांनी भाषेवर प्रेम केलं त्यांनी दोन्ही रॅकांवर पुस्तकं ठेवली. रॅक लावताना मला एकच लेखक कधी ४६१ वर, कधी ४६३ वर ठेवावा लागतो, तेव्हा फार बरं वाटतं.

उलटंही घडलं. कविता लिहायला लागल्यामुळं कादंबरी वाचायची माझी पद्धत बदलली. ओळ कुठं तोडायची याचा सराव झाला की गद्यातही लेखकानं कुठं थांबायचं ठरवलं ते दिसायला लागतं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९ चं. युरोपातून हिंदुस्थानकडं येणारी बोट, चक्रधर, आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी हॅर्टा. बोटीवरचे थोडे दिवस, एवढाच अवकाश. बंदर आलं की प्रवास संपणार हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं. महायुद्ध, वंशद्वेष, प्रेम असं सगळं असूनही पुस्तक बारीक आहे. किती गाळलं असेल बेडेकरांनी! मी ते तीनशे पानांच्या दोन कादंबऱ्यांच्या मधोमध रॅकवर ठेवते, तेव्हा त्याची पाठ बोटभरही जाड लागत नाही. कवितेनं मला गाळायला शिकवलं म्हणून मला ते गाळणं दिसलं. नाहीतर मी ते एक छोटं पुस्तक म्हणून बाजूला ठेवलं असतं.

हॉस्टेलवरच्या माझ्या मैत्रिणी स्पर्धापरीक्षेच्या तयारीत आहेत. त्या अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत बसतात. एवढा वेळ कादंबऱ्यांत घालवून काय मिळणार, असं त्या काळजीपोटी विचारतात, आणि त्यांची काळजी खरी आहे. घरी शेती कोरडवाहू, धाकटा भाऊ शिकतोय. मीही नेट-सेटचा अभ्यास करते. पण त्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम आहे. कादंबरीनं मला माझ्या घरातली माणसं दाखवली. चुलत्यांशी वाद झाला त्या वर्षी काकूचं आमच्याकडं येणं बंद झालं होतं, तरी तिची घागर आमच्या घागरीशेजारीच असायची. मी ते रोज बघत होते, पण त्याला काही अर्थ आहे हे मला पारबतीनं सांगितलं. कविता सुट्टीत गावाकडं वाचून दाखवली तेव्हा काकू काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "त्यो पोचा तुझ्या काकानं पाडलाय, घागर आपटून." मग सगळी हकिगत सांगितली. दुष्काळाच्या आधीची, मला अजिबात माहीत नसलेली. त्यावर दुसरी कविता झाली, आणि ती पहिलीपेक्षा चांगली आहे.

एका माणसाच्या तोंडची कविता मात्र अजून झालेली नाही. माझ्या वडलांच्या, अण्णांच्या. फोनवर ते सोयाबीनचा भाव सांगतात, कापून रचलेल्या पिकाची बनीम झाकली का ते सांगतात, पावसाचं सांगतात. स्वतःचं काही सांगत नाहीत. त्यासाठी मी सध्या सदानंद देशमुखांची 'बारोमास' दुसऱ्यांदा वाचते आहे. ती बुलढाण्याकडची, शिकून बेकार राहिलेल्या एकनाथची आणि त्याच्या शेतकरी घराची गोष्ट. या वेळी मी एकनाथला बाजूला ठेवून त्याच्या बापाकडं बघते आहे. तो रानात जाताना काय बरोबर घेतो, घरात पैशाची गोष्ट निघाली की उठून कुठं जातो, कुणाशी बोलताना त्याचा आवाज मऊ होतो, याच्या नोंदी वहीच्या डाव्या पानावर चालल्या आहेत. उजवं पान कोरं आहे. दिवाळीच्या सुट्टीत रास करायला घरी जाणार आहे. तेव्हा मळणीयंत्रापाशी अण्णांच्या शेजारी उभं राहायचं, पोती धरायची, आणि ते काय म्हणतात ते तसंच्या तसं लिहून आणायचं असं ठरवलंय.